'काय लावू?': गिरणगावातील लहान जखमांचा मोठा इतिहास

१/
विळीवर कांदा चिरताना बोट कापले की मराठी घरात पहिला प्रश्न येतो तो 'काय लावू?' हाच. कोणी हळदीच्या डब्याकडे धावते, कोणी खोबरेल तेलाकडे, कोणी औषधांच्या खोक्यातील चिकटपट्टीकडे, तर अलीकडे कोणी थेट फेविक्विकच्या नळीकडे. हा धागा त्या साध्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे. त्यातील बरेचसे प्रसंग चिंचपोकळी स्थानकापासून दोन-तीन किलोमीटरच्या परिघात घडले आहेत. काही गिरणीत, काही चाळीत, काही आर्थर रोडच्या रुग्णालयात आणि काही परळच्या एका प्रयोगशाळेत.

२/
प्रथम भूगोल. भायखळा आणि करी रोड यांच्या मधले स्थानक चिंचपोकळी. पश्चिमेस आर्थर रोड, म्हणजे आजचा साने गुरुजी मार्ग, आणि त्यावरील कस्तुरबा रुग्णालय. पूर्वेस लालबाग, उत्तरेस परळ. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. पुढच्या अर्धशतकात हा सारा टापू गिरण्यांच्या धुरांड्यांनी भरून गेला. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे साच्यापुढे उभी राहिली. फिरते पट्टे, दातेरी चाके, वेगाने ये-जा करणारा धोटा यांच्या सहवासात बोट कापणे, खरचटणे, सोलवटणे ही नित्याची गोष्ट होती.

३/
या माणसांनी गावाहून येताना उपायही सोबत आणले. कोणी दगडी पाल्याचा रस जखमेवर पिळी. कोणी हळद दाबे. कंबरेच्या चंचीतला तंबाखू किंवा चुना जखमेवर बसे. न्हाव्याकडची तुरटी होती, चुलीतली राख होती, कापूस जाळून केलेली काजळी होती आणि कोपऱ्यातले कोळ्याचे जाळेसुद्धा होते. जाळ्याचा हा उपयोग केवळ आपल्याकडचा नव्हे. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकातही कापलेल्या बोटाच्या संदर्भात त्याचा उल्लेख येतो.

४/
हे उपाय टिकले, कारण ते काही अंशी खरोखर काम करीत. जखमेवरील उपचाराची तीन कामे असतात. रक्त थांबवणे, कडा जुळवणे आणि बाहेरचा दोष आत जाऊ न देणे. तुरटी ऊती आकसवते, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या मिटतात. जाळे, कापूस किंवा राख यांच्या आधाराने रक्त लवकर गोठते. आणि काहीही लावले, तरी ते बोटाने दाबून धरले जाते. लहान जखमेतले रक्त बहुतेक वेळा त्या दाबानेच थांबते. पहिले काम असे डोळ्यांदेखत पार पडे, म्हणून श्रेय पाल्याला किंवा राखेला मिळे.

५/
'हे सारे आपले प्राचीन ज्ञान' असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. सुश्रुतसंहितेत व्रणावरील साठ उपक्रम आणि पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार सांगितले आहेत. जखमेवर मध आणि तूप वापरण्याचा विचारही तेथे आहे, आणि आजच्या रुग्णालयांतही शुद्ध केलेल्या मधाच्या पट्ट्या काही जखमांवर वापरतात. हे शास्त्र गंभीर आणि बारकाव्यांचे होते. परंतु महाराष्ट्राच्या माळरानावर सर्वत्र दिसणारा दगडी पाला, ज्याला एकदांडी असेही म्हणतात, मूळचा अमेरिका खंडातला आहे. झेंडूही तिकडचाच. म्हणजे परदेशातून आलेले तण इथल्या माणसांनी पारखले, वापरले आणि 'आजीचे औषध' करून टाकले. लोकपरंपरा ही साठवण असते, तसा तो चालू प्रयोगही असतो.

६/
अडचण तिसऱ्या कामाची होती. जखमेत काय शिरते ते डोळ्यांना दिसत नव्हते. ही अडचण युरोपातही होती. ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये उघड्या अस्थिभंगाच्या जखमेवर कार्बोलिक आम्ल वापरण्यास आरंभ केला आणि १८६७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाश्चर यांच्या संशोधनाचा आधार घेऊन त्यांनी मांडले की जखम चिघळते ती सूक्ष्म जीवांमुळे. मुंबईत त्या वेळी गिरण्यांचा पहिला बहर चालू होता. जंतुविज्ञान आणि गिरणगाव जवळपास एकाच काळात वाढले, पण त्यांची गाठ पडायला वेळ लागला.

७/
मधल्या काळात एका वेगळ्याच माणसाने जखमेचा प्रश्न उचलला. तो डॉक्टर नव्हता. 'दीनबंधू'चे संपादक आणि महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले आणि ते फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यात आले. आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या आपल्याला परिचित आहेत. उरलेल्या मागण्यांची आठवण सहसा कोणी काढत नाही.

८/
त्या जखमेविषयी होत्या. काम करताना दुखापत होऊन कामगार काही काळ निकामी झाला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा. तो कायमचा अपंग झाला, तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. या मागणीमागचे शहाणपण वैद्यकीयही आहे. कापलेला हात दुसऱ्या दिवशी पुन्हा साच्याला लावावा लागत असेल, तर कोणताही पाला, मलम वा पट्टी जखम भरून आणू शकत नाही. लोखंडे जखमेसाठी जे मागत होते ते औषध वैद्याच्या पेटीत मिळणारे नव्हते. ते औषध म्हणजे सवड. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. जखमेच्या पगाराला मात्र फार वाट पाहावी लागली.

९/
'मग कामगार दवाखान्यात का जात नसत?' हा प्रश्न साहजिक आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. रुग्णांना सक्तीने आर्थर रोडच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, नेले जाऊ लागले. तेथे गेलेला माणूस परत येत नाही अशा अफवा पसरल्या, आणि २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला केला. ज्या संस्थेची एवढी धास्ती, तिच्या दारी कापलेले बोट घेऊन कोण जाणार? घरगुती उपायांची पकड घट्ट राहिली, त्यात परंपरेच्या प्रेमाइतकाच या अविश्वासाचा वाटा होता.

१०/
याच प्लेगने लहान जखमेला काही वर्षे भलतेच महत्त्व दिले. गाठी बहुधा जांघेत येत, म्हणून अनवाणी चालणाऱ्यांच्या पायावरील ओरखड्यांतून आणि भेगांतून जंतू शिरतात असा तर्क अनेक डॉक्टर करीत. फ्रेंच संशोधक पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये उंदरावरील पिसवेकडे बोट दाखवले. १९०५ पासून परळला झालेल्या प्लेग कमिशनच्या प्रयोगांनी त्यास भक्कम दुजोरा दिला. अनवाणी पायावरील आरोप बराचसा सुटला. त्या तर्कातली एक गोष्ट मात्र दुसऱ्या रोगाच्या बाबतीत खरी होती, आणि तो रोग म्हणजे धनुर्वात.

११/
धनुर्वाताचे जंतू मातीत, धुळीत आणि गुराढोरांच्या शेणात असतात. त्यांची बीजे उन्हाला, थंडीला आणि कोरडेपणाला दाद देत नाहीत. खोल, बंद, हवा न पोहोचणारी जखम मिळाली की ती जागी होतात आणि विष तयार करतात. प्रथम जबडा आवळतो, मग पाठ धनुष्यासारखी वाकते. रोगाचे मराठी नाव त्यावरूनच पडले. १८८४ मध्ये, म्हणजे लोखंड्यांच्या सभांच्याच वर्षी, जर्मनीत आर्थर निकोलायर यांनी मातीतील या जंतूचा माग काढला. १८८९ मध्ये किटासाटो यांनी तो वेगळा करून वाढवला.

१२/
आता परळकडे वळू. वाल्डेमार हाफकिन १८९६ मध्ये मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तेथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. लोखंडे ही प्रगती पाहायला उरले नव्हते. प्लेगच्या साथीत रुग्णांसाठी काम करीत असताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला.

१३/
३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुल्कोवाल हे गाव, आज पाकिस्तानात. परळहून आलेल्या लशीचे टोचणीकरण झाले. काही दिवसांत एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेकडे दिला. लस निर्जंतुक ठेवण्यासाठी आधी कार्बोलिक आम्ल मिसळीत, ती पद्धत सोडून हाफकिन यांनी उष्णतेची पद्धत स्वीकारली होती, यावर बोट ठेवण्यात आले. हाफकिन निलंबित झाले आणि १९०४ मध्ये भारत सोडून गेले.

१४/
पण पुरावा दुसरेच काही सांगत होता. बाटली उघडण्यापूर्वी सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून निर्जंतुक करण्याऐवजी नुसता औषधी द्रवात बुडवून काढला आणि त्यानेच बूच ओढले, अशी साक्ष होती. शिवाय धनुर्वाताचे जंतू वाढलेल्या द्रवाला दुर्गंधी येते. बाटली उघडली तेव्हा तसा वास आला नव्हता. म्हणजे दोष परळला शिरला नव्हता, तो गावच्या मातीतून शिरला होता. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्यांच्यावरील ठपका दूर झाला आणि ते भारतात परतले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

१५/
कापलेल्या बोटाशी या प्रकरणाचा संबंध काय? फार निकटचा. प्रशिक्षित माणूस, उत्तम लस आणि सुईएवढी जखम असूनही जमिनीला लागलेल्या एका चिमट्याने १९ जीव गेले. मग जखमेवर मुद्दाम शेण, माती किंवा चुलीपुढची राख दाबली तर काय होईल, याचा अंदाज करता येतो. रक्त थांबेल, हे खरे. परंतु पहिले काम करताना तिसऱ्या कामाचा घात होईल. नवजात बाळाच्या नाळेवर शेण वा राख लावण्याच्या चालीने किती बाळे धनुर्वाताला बळी पडली, याची तर मोजदादच झाली नाही.

१६/
या रोगावर इलाज आला तो दोन टप्प्यांत. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी प्रतिविषाचा शोध लावला. झालेल्या जखमेनंतर ते टोचता येई. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये विष निष्प्रभ करून लस बनवण्याची पद्धत सापडली. त्यामुळे जखम होण्यापूर्वीच शरीर तयार ठेवता येऊ लागले. पुढे परळच्या हाफकिन संस्थेतूनही धनुर्वाताचा प्रतिविष रक्तरस आणि लस बाहेर पडू लागली. ज्या प्रयोगशाळेला धनुर्वाताच्या १९ मृत्यूंचा कलंक लागला होता, तिच्याच नावाने धनुर्वाताचे संरक्षण मिळू लागले.

१७/
लोखंड्यांच्या मागणीचे काय झाले? १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. परंतु त्यात एक अट होती. दुखापतीमुळे कामगार दहा दिवसांहून अधिक काळ निकामी झाला, तरच भरपाई. १९३३ मध्ये दहाचे सात दिवस झाले आणि १९५९ मध्ये तीन. 'किरकोळ जखम' म्हणजे काय, याची ही सरकारी व्याख्या समजावी. १९२४ साली नऊ दिवस हात बांधून घरी बसलेला साचेवाला कायद्याच्या लेखी किरकोळ जखमी होता. त्याच्या चाळीतल्या खोलीत मात्र ते नऊ दिवस बिनपगारी होते. साहजिकच तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिंधी गुंडाळून कामावर जाई.

१८/
कायद्याला न दिसणारे आणखी एक बोट होते. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांचे जेवण खानावळी चालवणाऱ्या बाया करीत. पहाटेपासून विळी, सुरी, खवणी आणि निखारे. त्यांचे स्वयंपाकघर कारखाना मानले गेले नाही, म्हणून त्यांची कापलेली बोटे कोणत्याच नोंदवहीत आली नाहीत. हळद दाबून पुन्हा कणीक मळायची, हाच त्यांचा उपचार आणि हीच त्यांची रजा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा या बायांना पत, संघटना आणि 'कामगार' म्हणून ओळख मिळू लागली. जखमांचा इतिहास लिहिताना गिरणीचा भोंगा ऐकू येतो, खानावळीतली विळी ऐकू येत नाही. ही उणीव जाणीवपूर्वक भरून काढायला हवी.

१९/
स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी बंधनकारक केली. त्याच वर्षीच्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपणातील पगाराचा काही भाग मिळण्याची सोय केली. पेटीतून निर्जंतुक पट्टी, चिकटपट्टी आणि टिंक्चर आयोडीन कामगारांच्या परिचयाचे झाले. घरातही 'लाल औषध' आले. हे मर्क्युरोक्रोम, म्हणजे पाऱ्याचे संयुग. आयोडीन झोंबे, लाल औषध झोंबत नसे, म्हणून मुलांना ते प्रिय. पाऱ्यामुळे आणि अपुऱ्या पुराव्यामुळे पुढे त्याची प्रतिष्ठा गेली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये त्याला सुरक्षित व गुणकारी मानल्या गेलेल्या औषधांतून वगळले.

२०/
चिकटपट्टीची जन्मकथा स्वयंपाकघरातली आहे. १९२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीत जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत कापूस खरेदी करणारे अर्ल डिक्सन यांच्या पत्नी जोसेफिन यांची बोटे स्वयंपाक करताना वरचेवर कापत. एका हाताने पट्टी बांधणे जमेना. डिक्सन यांनी चिकट फितीवर मधोमध जाळीदार कापडाच्या घड्या ठेवून तयार पट्टी केली. 'बँड-एड' १९२१ मध्ये बाजारात आले. पुढे याच कंपनीने मुंबईत मुलुंडला कारखाना काढला आणि कंपनीचे नाव मराठी बोलीत सामान्यनाम होऊन बसले. एकट्या माणसाला, दुसऱ्याच्या मदतीविना, स्वच्छ पट्टी लावता येणे ही खरी क्रांती होती. खानावळीतल्या बाईला तिचा उपयोग गिरणीतल्या कामगाराइतकाच होता.

२१/
पट्टी आली म्हणून धनुर्वात गेला नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत मुंबईच्या रुग्णालयांत या रोगासाठी वेगळे कक्ष चालवावे लागत. १९६३ मध्ये धनुर्वातावरील आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली, ती उगाच नव्हे. डॉ. जे. सी. पटेल आणि डॉ. बी. सी. मेहता यांनी प्रसिद्ध केलेला मुंबईतील रुग्णांचा अभ्यास तब्बल ८,६९७ रुग्णांचा आहे. जे. जे. रुग्णालयात डॉ. फारुख उडवाडिया यांनी अतिदक्षतेच्या उपचारांनी अनेकांना वाचवले आणि या रोगावर ग्रंथ लिहिला. जगभरच्या डॉक्टरांना या शहराकडून धनुर्वात शिकावा लागला, इतके रुग्ण या शहरात होते. ज्यांची जखम 'किरकोळ' होती असेही लोक त्यांत होते, कारण हा रोग जखमेचा आकार पाहत नाही.

२२/
आता हळदीकडे येऊ. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या आज्यांचा उपाय आता कोणाची तरी मालमत्ता झाला होता. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. जन्म गोव्यातील माशेलचा, वाढ गिरगावातली, बालपण कमालीच्या गरिबीतले आणि शिक्षण माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात. हळद दाबून मुलांच्या जखमा बऱ्या करणाऱ्या घरांतूनच हा वादी आला होता.

२३/
पेटंट कार्यालयापुढे 'आमच्याकडे सगळे जाणतात' हा युक्तिवाद चालत नाही. लिखित पुरावा लागतो. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला, त्यामागे हा धडा होता. या विजयाचा अर्थ मात्र नीट घ्यावा. हळदीचा हा उपयोग नवा नाही, इतकेच सिद्ध झाले. डब्यातली हळद निर्जंतुक असते, असे कोणी सिद्ध केले नाही. ती तशी नसते, आणि भडक पिवळ्या रंगासाठी तीत शिशाच्या संयुगाची भेसळही होऊ शकते.

२४/
अखेर फेविक्विक. १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना सायनोअॅक्रिलेट हाती लागले. ते सगळ्यालाच चिकटे, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले. १९५१ मध्ये त्याचा चिकटपणा हाच गुण असल्याचे ध्यानात आले आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून ते विक्रीस आले. व्हिएतनाम युद्धात जखमींचे रक्त तात्पुरते थांबवण्यासाठी याच कुळातील रसायन फवारले गेले. 'याने जखम चिकटते' ही दंतकथा नव्हे. १९९८ मध्ये अमेरिकेत या कुळातील एका वैद्यकीय गोंदाला मान्यता मिळाली आणि आज डॉक्टर टाक्यांऐवजी तो वापरतात.

२५/
मात्र कुळ एक असले तरी घराणी वेगळी. दुकानातल्या नळीत बहुधा इथिल सायनोअॅक्रिलेट असते. त्याची रेणुशृंखला आखूड. ते घट्ट होताना उष्णता सोडते आणि त्याचे विघटन लवकर होऊन ऊतींना त्रासदायक द्रव्ये तयार होतात. वैद्यकीय गोंदाची शृंखला लांब, ऑक्टिल किंवा ब्युटिल, म्हणून तो सौम्य. तोही स्वच्छ केलेल्या जखमेच्या जुळवलेल्या कडांवर वरून लावतात, जखमेच्या आत ओतत नाहीत. आणखी एक सावधगिरी कापसाच्या या मुलखात सांगायलाच हवी. घरगुती सायनोअॅक्रिलेट कापसाला किंवा सुती कापडाला लागले की वेगाने तापते आणि कातडी भाजू शकते. जखमेवर फेविक्विक आणि वर कापसाचा बोळा, ही जोडी म्हणूनच वाईट.

२६/
गोंदाचा मोठा दोष इतिहासाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट दिसतो. रक्त थांबवणे आणि कडा जुळवणे ही दोन कामे तो चुटकीसरशी करतो. पण जखम धुतलेली नसेल, तर तो मळही आत कोंडून ठेवतो, आणि हवाबंद जखम धनुर्वाताच्या जंतूला हवीच असते. तंत्र विसाव्या शतकाचे, फसगत मात्र राखेचीच. जे डोळ्यांना दिसते ते काम झाले, म्हणजे उपचार झाला असे वाटणे.

२७/
मग आज बोट कापले तर? वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबणाने धुवावे. स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे, दर मिनिटाला उघडून पाहू नये. मग कोरडी स्वच्छ पट्टी. जखम खोल असेल, कडा उघड्या राहत असतील, बोट बधिर झाले असेल, आत काही रुतले असेल, प्राण्याने चावले असेल किंवा रक्त थांबत नसेल तर दवाखाना. आणि शेवटची धनुर्वाताची लस केव्हा घेतली ते आठवावे. स्वच्छ किरकोळ जखमेला दहा वर्षांचे अंतर चालते. मळक्या वा खोल जखमेला पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा टोचून घ्यावे लागते.

२८/
या यादीत लावण्याचे औषध जवळजवळ नाही, याकडे लक्ष द्या. आहे ते पाणी, दाब, स्वच्छ कापड, लस आणि त्या हाताला थोडी विश्रांती. यांतील एकही गोष्ट दुर्मीळ नाही, परंतु शंभर वर्षांपूर्वी चिंचपोकळीच्या चाळीत या साऱ्या एका वेळी कोणालाच मिळत नव्हत्या. नळ सामाईक, पगार रोजचा, लस जन्मलेली नाही. जखमेचे लहानपण तिच्या लांबी-खोलीवर ठरत नाही. तिच्याभोवती काय उभे आहे यावर ते ठरते.

२९/
माता आणि नवजात बालकांमधील धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारताबाबत २०१५ मध्ये जाहीर झाले. त्यामागे गावोगावी गरोदर स्त्रियांना दिलेल्या लशी आणि स्वच्छ बाळंतपणे आहेत. आज आपण कापलेले बोट तोंडात घालून हसत पुढच्या कामाला लागतो. ते निश्चिंत हसू मिळवून देण्यात परळच्या प्रयोगशाळेचा वाटा आहे, मुंबईच्या धनुर्वात कक्षांतील डॉक्टर-परिचारिकांचा आहे आणि १८८४ मध्ये 'बरा होईपर्यंत पगार द्या' असे लिहिलेल्या कागदावर सही किंवा अंगठा उठवणाऱ्या ५,५०० हातांचाही आहे. त्या हातांपैकी किती हातांवर त्या दिवशी चिंधी गुंडाळलेली होती, याची कल्पनाच करावी.

३०/
घरात गिरणीत काम केलेले आजोबा किंवा खानावळ चालवलेली आजी असेल, तर त्यांना एकदा विचारा. बोट कापले की तेव्हा काय लावीत, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जावे लागे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून गंमत वाटेल. दुसऱ्याचे उत्तर लिहून ठेवा. हळदीच्या पेटंटने शिकवलेला धडा इथेही लागू आहे. जे लिहिले जात नाही, ते पुराव्यात धरले जात नाही.

(समाप्त)